सव्वा तास

चौकट भलत्याच वाक्याला होती. बाईंनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला आणि पुन्हा पाहिलं, तरी ती तिथेच होती. नववीच्या वर्गातली चाळीस मुलं. त्यांतल्या एकोणचाळीस जणांनी लाल पेन्सिलीची चौकट जिथे काढायची तिथेच काढली होती, गेली सत्तावीस वर्षं दर वर्षीची मुलं जिथे काढत आली होती तिथेच, शेवटून दुसऱ्या वाक्याभोवती. आणि या एका कागदावर ती अध्येमध्येच, अशा एका वाक्याभोवती होती की ज्याच्याकडे खुद्द ते वाक्य लिहिणाऱ्या बाईंनीही कधी नीट पाहिलं नव्हतं. 'तो परत आला, त्याने बूट काढले, स्टूल ओढून घड्याळ लावलं आणि मग पाणी प्यायला.' शेजारी समासात बारीक अक्षरात तीन शब्द होते: इथे त्याला कळलं. स्टाफरूममध्ये मधल्या सुट्टीचा गलका चालू होता. गणिताचे सर खडखडणाऱ्या पंख्याला नावं ठेवत होते आणि चित्रकलेच्या बाई त्यांना चिडवत होत्या. बाईंनी लाल पेन उचललं, कोपऱ्यात दहापैकी चार लिहायला हात नेला आणि पेन तसंच अधांतरी धरून त्या बसून राहिल्या. जिना संपला तरी आणखी एक पायरी आहे असं समजून पाय टाकावा तसं झालं होतं.

बाईंची पद्धत शाळेत प्रसिद्ध होती, आणि ती प्रसिद्धी बाईंनी कधी विनयाने वगैरे नाकारली नव्हती. बाकीचे शिक्षक उत्तरं सांगून लिहून घेत. बाई मुलांच्या हातात पेन्सिली देत. स्थळ-काळाला निळी, पात्रांना हिरवी, कुणाच्या तोंडून गोष्ट ऐकतोय ते जिथे जिथे कळतं तिथे पिवळी, आणि शेवटी लाल, पण लालने रेघ मारायची नाही, चौकट काढायची, आणि ती फक्त एका वाक्याला. गोष्टीत एकच वाक्य असं असतं, बाई सांगत, की त्याच्या आधी मागे फिरता येतं आणि नंतर येत नाही. ते सापडलं की गोष्ट सापडली, नाही सापडलं तर पाठ करत बसा आशय आणि संदेश. दुसऱ्या सत्रात त्या चुकांच्या गोष्टी शिकवत. मुलांच्याच वयाचं कुणीतरी काहीतरी चुकतं, आणि त्याचं पुढे काय होतं, एवढाच मामला. त्या वाचून झाल्या की प्रत्येकाने आपल्या एका चुकीची गोष्ट लिहायची, स्वतःला 'तो' किंवा 'ती' करून, नाव न घालता, आणि दुसऱ्या कुणीतरी त्यात चौकट काढायची. आपली चौकट आपल्याला दिसत नाही, असं बाई मोठ्या खात्रीने म्हणत. मुलांची भीड चेपावी म्हणून त्यांनी पहिल्याच वर्षी स्वतःची एक चूक सांगितली होती आणि पुढच्या वर्षापासून ती लिहून दिली होती. एकतीस वाक्यांची. 'एक मुलगी होती, सोळा वर्षांची' अशी सुरू होणारी. ती कुणाची हे त्या सांगत नसत, आणि मुलं दर वर्षी पाच मिनिटांत ओळखून गालातल्या गालात हसत.

गोष्ट साधी होती. मुलीचा मोठा भाऊ नकाशे काढायला शिकवणाऱ्या एका मोठ्या शाळेच्या प्रवेशपरीक्षेला बसणार होता. परीक्षा वर्षातून एकदा, वयाची अट, त्याची ती शेवटची संधी. कॅलेंडरांच्या मागच्या बाजू त्याने गल्लीच्या, बाजाराच्या, नदीकाठच्या नकाशांनी भरून टाकल्या होत्या. रविवारी सकाळी आठला पेपर, आठच्या ठोक्याला दार बंद. घरात दोघंच, वडील मालगाडीवर, आई इस्पितळात रात्रपाळीला, दहाच्या सुमारास येणारी. भावाची झोप म्हणजे कुंभकर्ण बरा, आणि मुलगी रोज पहाटे उठून वाचत बसणारी, तेव्हा साडेपाचला उठवायचं काम आपोआप तिच्याकडे आलं. मुलगी उठली, दिवा लावला, हातात गोष्टीचं पुस्तक घेतलं. घर तळमजल्यावरचं, खिडक्या समोरच्या भिंतीकडे उघडणाऱ्या, थंडीमुळे त्याही बंद. उजाडलेलं आत कळायचं नाही. तिने मान वर केली तेव्हा घड्याळात पावणेसात वाजले होते. तेव्हासुद्धा त्याला गदागदा हलवून उठवलं असतं तर धावतपळत तो पोहोचला असता. पण तिने स्टूल ओढलं, वर चढली, काटे सव्वा तास मागे फिरवले आणि मग त्याला हाक मारली, दादा, ऊठ, साडेपाच झाले. तो उठला, निवांत आंघोळ केली, उजळणी केली, तिला टपली मारून गेला. आणि परत आला. आई आल्यावर म्हणाला, मला जाग आली नाही. आणि मग शेवटून दुसरं वाक्य: त्याच संध्याकाळी तिने आईला सगळं सांगून टाकलं.

या गोष्टीवर बाईंचा एक तास असा रंगायचा की शेजारच्या वर्गातली मुलं व्हरांड्यातून डोकावत. चूक कुठली, हा बाईंचा पहिला प्रश्न. मुलं म्हणत, वाचत बसली ही चूक. बाई नुसत्या भुवया उंचावत. मग कुणीतरी म्हणे, उशीर झाला ही नाही, काटे फिरवले ही. का? कारण पावणेसातला खरं सांगितलं असतं तर तो पोहोचत होता. मग तिने का नाही सांगितलं? आणि ते मात्र प्रत्येकाला माहीत असायचं. आदल्या दिवशी भाऊ म्हणालेला असतो, तू आहेस ना, मग मला काळजी नाही. त्याच्या डोळ्यांत आपण लहान होऊ नये म्हणून. संघर्ष कुणाचा कुणाशी? मुलीचा भावाशी नाही, घड्याळाशी नाही, मुलीचा मुलीशी. बाई हे सगळं मुलांकडून वदवून घेत आणि फळ्याकडे पाठ करून हात झटकत. आपल्या चुकीतला थेंबन्थेंब आपण पिळून घेतला आहे, त्यातून दर वर्षी चाळीस पोरं शहाणी होतात, याचं त्यांना मनापासून समाधान होतं. इतकं, की गोष्टीतली एक गोष्ट खरी नाही हे त्या जवळजवळ विसरल्या होत्या.

दोन गोष्टी, खरं तर. मुलीने आईला काही सांगितलं नव्हतं. संध्याकाळी नाही, दुसऱ्या दिवशी नाही, आई नऊ वर्षांपूर्वी गेली तोवर कधीच नाही. ते वाक्य आलं होतं वर्गातून. बाईंचं नोकरीतलं पहिलं वर्ष, सव्वीस-सत्तावीसचं वय, तोंडीच सांगत होत्या गोष्ट. 'मला जाग आली नाही' इथे थांबल्या तर पुढच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, मग? चाळीस तोंडं उघडी. आणि बाईंच्या तोंडून निघून गेलं, मग तिने आईला सगळं सांगितलं. वर्गाने असा सुस्कारा सोडला की बाईंनाही बरं वाटलं. पुढच्या वर्षी कागद टाईप करताना ते वाक्य आपसूक आत जाऊन बसलं, आणि मुलांनी एकमुखाने त्यालाच चौकट घातली. दुसरी गोष्ट म्हणजे भाऊ गेल्यावर मुलगी पांघरुणात तोंड घालून रडत पडली होती, असं कागदावर होतं. ती रडत पडली नव्हती. ती पुन्हा वाचत बसली होती. गोष्टीची शेवटची काही पानं राहिली होती, ती तिने संपवली. काटे पुढे करायचे हे तिच्या डोक्यातही आलं नाही.

घंटा झाली तरी बाई उठल्या नाहीत. पुढचा तास मोकळा होता. त्यांनी व्हरांड्यातून मैदानाकडे निघालेल्या नववीच्या रांगेतून, तो कागद जिचा होता त्या मुलीला बोलावून घेतलं. तिला सगळा वर्ग वकील म्हणायचा. लांब हात, वर गेलेली बाही, आणि कुणी साधं 'आज गरम होतंय' म्हटलं तरी 'कशावरून' असं विचारणारी. बाई तिला अधूनमधून दटावत, पण आतून त्यांना ती आवडायची, कारण अशी पोरगी दहा वर्षांतून एकदा मिळते. बाईंनी कागद पुढे सरकवला आणि अगदी रोजच्या आवाजात विचारलं, हे कसं काय? वकील उभ्या उभ्या पायाचा अंगठा बुटात हलवत होती.

"चुकलं का बाई?"

"चूक-बरोबर नंतर. कशावरून म्हणतेस ते सांग."

तिने सांगितलं. तिचा मुद्दा असा, की घड्याळ मागे पडलंय असं त्याला वाटलं असतं तर त्याने आईला तसं सांगितलं असतं. ते सगळ्यांत सोपं होतं, कुणाचाच दोष नाही. पण त्याने आई यायच्या आधी घड्याळ लावून टाकलं आणि आई आल्यावर मला जाग आली नाही म्हणाला. म्हणजे घड्याळ आपोआप मागे पडलेलं नाही हे त्याला ठाऊक होतं. घरात दुसरं होतं कोण? आणि तो परत आला तो पाणीसुद्धा न पिता आधी स्टुलावर चढला, हे तुम्हीच लिहिलंय बाई, 'मग पाणी प्यायला'. एवढ्या लांबून आलेला माणूस. बाईंनी मान हलवली. त्यांनी पाण्याची बाटली उघडली आणि न पिताच तिचं झाकण पुन्हा लावलं.

"आणि ते शेवटून दुसरं वाक्य? बाकी सगळ्यांनी तिथे चौकट काढलीय."

"ते मला खरं नाही वाटलं," वकील म्हणाली. "चिटकवल्यासारखं वाटतं. आख्ख्या गोष्टीत ती कुणालाच काही सांगत नाही, मग एकदम कशी सांगेल? तुम्हीच म्हणता ना, पात्र स्वभाव सोडून वागायला लागलं की समजायचं, लिहिणारा घाबरलाय. आणि सांगायचंच तर आईला का? नुकसान तर त्याचं झालं."

मग तिने विचारलं, पुढे त्याने तिला कधीच काही विचारलं नाही का? बाई म्हणाल्या, गोष्ट तिथे संपते. हे उत्तर शिक्षकाचं होतं, आणि दोघींनाही ते तसंच ऐकू आलं. बाईंनी कागदावर दहापैकी दहा लिहिलं आणि पळ म्हणाल्या. वकील पळाली नाही, चालत गेली, आणि दारातून एकदा मागे वळून पाहिलं तिने, जिंकल्यासारखं नव्हे, आपल्या हातून काही फुटलं का हे बघायला वळावं तसं.

शुक्रवार होता. शुक्रवारी शाळा सुटली की बाई भावाकडे जात, गेली कित्येक वर्षं, आजारपण सोडलं तर न चुकता. बसला खिडकीची जागा मिळाली. रस्त्यावर दुपार उतरत होती, दुकानदार शटरसमोर पाणी मारत होते, कुणीतरी उंच शिडीवर चढून दिव्याची काच पुसत होतं, आणि बाई हे सगळं नीट बघत होत्या, एकही गोष्ट न सोडता, कारण बघणं थांबवलं की तो स्टुलाचा आवाज येत होता. तो आवाज त्यांनी तेव्हा ऐकला होता. पुस्तक उशीखाली सरकवून डोळे मिटले होते आणि फरशीवरून स्टूल ओढल्याचा कर्र आवाज आला होता, मग काचेचं झाकण उघडल्याची टिक, मग काही वेळ काहीच नाही, मग झाकण बंद. तेव्हा छातीवरून दगड उतरल्यासारखं झालं होतं. सुटलो. दादाला वाटलं घड्याळ बिघडलं. बस्स, इतकंच तिला वाटलं होतं, आणि त्या सुटल्याच्या भावनेवर तिने पुढची अडतीस वर्षं बिनधास्त काढली होती. तो 'मला जाग आली नाही' म्हणाला तेव्हाही तिने ते ऐकलं होतं, वडिलांनी दोन दिवसांनी घरी येऊन त्याला काय काय सुनावलं तेही ऐकलं होतं, आळशी, बेजबाबदार, एवढ्याशा पोरीला उठता येतं आणि तुला येत नाही. तो भिंतीला टेकून ऐकून घेत होता. मुलीने तेव्हा वाक्यं वेगवेगळी ठेवली. घड्याळाचं एका कप्प्यात, जाग न आल्याचं दुसऱ्या कप्प्यात. आणि पुढे मोठी होऊन, भाषेची बाई होऊन, तीच वाक्यं एकाखाली एक टाईप करून तिने हजारभर पोरांच्या हातात दिली, आणि वाचली मात्र कधी नाही.

खरी भीती दुसरीच होती, आणि बाई काही स्वतःशी आडवळणाने बोलणाऱ्यातल्या नव्हत्या. दुसऱ्या सिग्नलशी त्यांनी ती स्वतःपुढे मांडली. त्याला माहीत नाही, या एका गोष्टीवर हे सगळे शुक्रवार उभे होते. त्याचं 'बारके' म्हणून हाक मारणं, स्वतःच्या ताटलीतली शेवटची बिस्किटं तिच्याकडे सरकवणं, तिच्या लग्नात मांडव पडेल इतका नाचला तो, आणि पुढे नवरा गेला तेव्हा महिनाभर रोज संध्याकाळी येऊन नुसता बसून जायचा, काही न बोलता. हे सगळं आपल्याला मिळालं ते आपल्या वाट्याचं, असं त्यांनी धरलं होतं. आता वकिलाचं खरं असेल, तर ते सगळं त्याने माहीत असून दिलं. काठावरच्या मुलाला वर्ष वाया जाऊ नये म्हणून वरचे पाच गुण द्यावेत, तसे अडतीस वर्षं देत आला तो, आणि आपण पहिल्या नंबराच्या तोऱ्यात घरी नेत आलो. विचारलं नाही तर सगळं आहे तसं राहील. चहा येईल, बिस्किटं येतील, साडेसहाला बस मिळेल. विचारलं तर कदाचित दुसरीच एखादी गोष्ट बाहेर येईल, त्याने आत दाबून ठेवलेली, आणि पुढच्या शुक्रवारी जायला तोंड राहणार नाही. एवढं सगळं बाईंनी आडपडदा न ठेवता मांडलं होतं. त्यांना थोडा अभिमानच वाटला. मग हसू आलं. या वयात, या प्रसंगात, स्वतःलाच शाबासकी. पण एवढं मात्र त्यांना स्पष्ट कळत होतं की न विचारता परत निघालो, तर सोमवारी वर्गात त्या पोरीसमोर उभं राहून कुठल्याही गोष्टीबद्दल काहीही बोलायचा आपल्याला हक्क नाही. ठरलं म्हणजे ठरलं. त्या स्टॉपवर उतरल्या त्या नेहमीपेक्षा ताठ.

भाऊ लिफ्टचा मेकॅनिक होता. नकाशे राहिले, पण हात चालू होते. ओळखीच्या एका मिस्त्रीने त्याला कामाला लावलं आणि मग जन्मभर तो उंच इमारतींच्या अंधाऱ्या पोकळ्यांमध्ये दोरांना ग्रीस लावत, दारं सरळ करत, अडकलेल्यांना बाहेर काढत राहिला. जन्मभर लोकांना वर-खाली केलं, आता मी जमिनीवर, असं निवृत्त झाल्यापासून तो म्हणायचा. घरही तळमजल्यावरच घेतलं होतं. बाई पोहोचल्या तेव्हा तो मागच्या खोलीत जुन्या वर्तमानपत्रावर स्क्रूंचा ढीग ओतून बसला होता आणि मापाप्रमाणे बरण्यांत भरत होता. वहिनींनी दार उघडलं, ताई आज उन्हातून आलात का, चेहरा उतरलाय म्हणाल्या, आणि चहा टाकायला गेल्या. बाई त्याच्यासमोर वेताच्या मोढ्यावर बसल्या. शाळेत त्या प्रस्तावना कशी असावी यावर दोन तास घेत. इथे प्रस्तावना सुचली नाही.

"दादा, तुझी ती परीक्षा. नकाशांच्या शाळेची."

"हं."

"घड्याळ मी मागे केलं होतं."

त्याने एक स्क्रू डोळ्यांजवळ धरला, आटे पाहिले आणि योग्य त्या बरणीत टाकला. "माहीत आहे," तो म्हणाला.

आवाजात काहीच नव्हतं, राग नाही, दिलदारी नाही. कितवा मजला विचारल्यावर आकडा सांगावा, इतकं सरळ. बाईंनी अडतीस वर्षांचा वेग एकदम थांबलेला अनुभवला, आणि पहिली गोष्ट मनात आली ती म्हणजे वकील बरोबर होती, आणि दुसरी, की आता रडायचं नाही, रडलो तर त्यालाच समजूत घालावी लागेल. त्यांनी विचारलं, कधीपासून? तो म्हणाला, रस्त्यावर पाय ठेवला तेव्हापासून; ऊन पार कोपऱ्यापर्यंत आलं होतं, थंडीत साडेसहाला ऊन कुठलं, ते काय मला कळत नव्हतं? तरी तो धावला होता. बसमागून धावला, फाटकाशी जाऊन उभा राहिला, आत सगळे खाली माना घालून लिहीत होते ते खिडकीतून पाहिलं. रखवालदार म्हणाला, पुढच्या वर्षी ये, तर याने सांगितलं पुढच्या वर्षी माझं वय बसत नाही. मग चालत घरी आला. हे सगळं तो स्क्रू वेगळे करता करता सांगत होता, आणि बाई ऐकत होत्या. या रस्त्यावरून, या फाटकापर्यंत, त्या आजवर एकदाही गेल्या नव्हत्या. त्यांच्या एकतीस वाक्यांत तो दारातून बाहेर पडत होता आणि लगेच पुढच्या ओळीला परत येत होता.

"मग बोलला का नाहीस?"

"कुणाला? आईला?" तो म्हणाला. "आईने आधी तुझं वाचनालयाचं कार्ड फाडलं असतं. दिवा लावून वाचतेस म्हणून आधीच तिच्या डोक्यात होतं. परीक्षा तर गेलीच होती माझी. म्हटलं, एका घरात एकाच दिवशी दोघांचं कशाला."

बाईंना आता काही केल्या समोरचं नीट दिसेना. शाळा, फळा, पेन्सिली, सत्तावीस वर्षं, सगळं त्या एका न फाटलेल्या कार्डावर चालू होतं. त्यांनी विचारलं, राग नाही आला? प्रश्न बाहेर पडल्यावर त्यांना तो फार स्वस्त वाटला, पण त्याने तो नीट घेतला, विचार करून उत्तर दिलं.

"आला की. दोन वर्षं होता चांगला. तुझ्याशी बोलत नव्हतो मी धड. तुला कळलं नाही, तू पुस्तकात होतीस." त्याने बरणीचं झाकण लावलं. "मग कामात पडलो. लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसाला बाहेर काढताना त्याला विचारत बसायचं नसतं, तू आत कसा गेलास."

वहिनी चहा ठेवून गेल्या. मग तो एकदम हसायला लागला, खांदे हलवत, आवाज न करता. बाईंनी विचारलं, काय झालं. तो म्हणाला, आपली पोरगी नववीत होती ना तुझ्या वर्गात, दहा-अकरा वर्षं झाली असतील, ती एक दिवस जेवताना सांगायला लागली, आज आत्याने वर्गात स्वतःचीच गोष्ट सांगितली, घड्याळाची. अगदी स्टुलासकट. "मी घास तोंडात तसाच ठेवून ऐकत होतो. आईला सगळं सांगितलं म्हणे मुलीने."

"ते खोटं आहे," बाई म्हणाल्या.

"ते काय मला कळत नाही? आईला कळलं असतं तर गल्लीभर कळलं असतं." त्याने चहाचा घोट घेतला. "मी म्हटलं, चला, दर वर्षी चाळीस जणांना सांगतेय. कधीतरी आपलाही नंबर लागेल."

आता मात्र बाई रडल्या. लपवलं नाही, पदरही डोळ्यांना लावला नाही, समोर बसून सरळ रडल्या, आणि रडता रडता त्यांनी सगळं सांगितलं. पांघरुणात तोंड घालून पडले नव्हते. तू गेल्यावर काटे पुढे करायचं सुचलंसुद्धा नाही, पुस्तक पुन्हा उघडलं, राहिलेली पानं संपवली, तू फाटकाशी उभा होतास तेव्हा मी वाचत होते. वडील तुला बोलत होते तेव्हा मी दाराआड उभी होते. माफ कर, असं त्या म्हणाल्या, आणि हा साधा शब्द आपण कधीच, कुणालाच, इतक्या उघडपणे म्हटलेला नाही हे म्हणतानाच त्यांच्या लक्षात आलं. भावाने हातातला स्क्रू खाली ठेवला. तो पहिल्यांदाच हातात काही न घेता बसला होता, आणि चेहऱ्यावर एक जुनी उत्सुकता होती, नकाशात एखादी गल्ली कुठे निघते ते सापडत नसलं की यायची ती.

"एक विचारू का?" तो म्हणाला. "इतकी वर्षं मनात आहे. विचारलं असतं तर मला माहीत आहे हे तुला कळलं असतं, म्हणून नाही विचारलं."

"विचार ना."

"मी उठलो तेव्हा तुझ्या हातात ते पुस्तक होतं, बोट घालून धरलेलं. असं काय होतं त्यात? कसली गोष्ट होती?"

बाईंनी तोंड उघडलं. पाचवीतल्या पहिल्या धड्यापासून परवाच्या पुरवणीपर्यंत वाचलेलं सगळं त्यांना आठवायचं. मुलं तर पैजा लावून विचारत. पुस्तकाचं वजन आठवलं, पानांना येणारा ओला वास, अंगठ्याखालची दुमडलेली कड. पण आत कोण होतं, मुलगा की मुलगी, समुद्र होता की रान, शेवटी काय झालं, ते जे तिला त्या दिवशी जगातल्या सगळ्यांपेक्षा मोठं वाटलं होतं ते काय होतं, यातलं एक अक्षर येईना. त्या शोधत राहिल्या. तो वाट पाहत होता. चहा थंड होत होता. शेवटी त्यांनी त्याच्याकडे पाहिलं आणि खरं तेच सांगितलं, आठवत नाही रे.

तो असा हसला, डोक्यावर हात मारून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, ठसका लागेपर्यंत, की वहिनी ओल्या हातांनी स्वयंपाकघरातून धावत आल्या आणि दोघांच्याही गालांवरचं पाणी बघून दारातच थबकल्या, काय झालं, कोण गेलं म्हणाल्या.

"काही नाही," तो धाप टाकत म्हणाला, "बाईंना गोष्ट आठवत नाहीये."